सोळावर अडकलेला पक्षी

कोल्हापूरला जाते म्हटलं की ऐकणारा लगेच ‘अंबाबाईला माझाही नमस्कार सांग’ म्हणतो, नाहीतर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आठवण काढतो. मी गेले होते एका पक्ष्यासाठी. हा पक्षी एका काळ्या तबकडीत राहतो, आणि त्याला मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकर-पोलक्यात होते.

देवळालीला आमच्या शेजारी फर्नांडिस आँटी राहायच्या. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेल्या रेकॉर्डी त्या दुपारी लावायच्या आणि मी आमच्या पायरीवर बसून गुपचूप ऐकायची. जॅझ हा शब्द मला फार पुढे कळला. त्या रेकॉर्डींतला एक प्रकार तर भलताच होता. कुठल्याशा गरम बेटावरच्या जंगलाचं सोंग होतं ते. वाजवणाऱ्यांनी बेट बहुधा कधी पाहिलंही नसेल. स्टुडिओत बसून ही मंडळी तोंडाने बेडूक, माकडं, पक्षी काढायची आणि खाली बोंगो वाजायचा, आणि व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर वाजणारं, जलतरंगाच्या जातीचं एक झोपाळू वाद्य. शौकीन लोक याला एक्झॉटिका म्हणतात. मला ते तेव्हा खरंच वाटलं होतं. एका रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटच्या गाण्यात, सगळी वाद्यं खाली बसतात आणि एकच पक्षी बोलतो. त्या पक्ष्यामुळे मी जन्मभर रेकॉर्डी गोळा करत राहिले, आणि नेमकी तीच मिळाली नाही.

माझी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. सगळी हयात कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षं मला वाटत होतं की नाशिकचे रातकिडे संपले. वाढत्या शहराला त्याबद्दल मी पुष्कळ नावंही ठेवली. एकदा अरविंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “अगं, आत्ता या क्षणी ओरडताहेत की.” मग डॉक्टर झाले. त्यांनी माझ्या कानाचा आलेख दाखवला. वरच्या स्वरांकडे रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती. कानाच्या यंत्राने बोलणं स्पष्ट होईल, पण वरचं गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही हळूहळू जाईल, असं त्यांनी सांगितलं. माझ्या आवडत्या रेकॉर्डींतल्या झांजा का नाहीशा झाल्या होत्या ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

आँटींचा पक्षी मात्र माझ्या आठवणीत फार उंच बोलत नव्हता. तो अजून ऐकू येईल अशी मला आशा होती. फक्त लवकर ऐकायला हवा होता. अशात रेकॉर्डवेड्यांच्या आमच्या फोनवरच्या गटात कोल्हापूरच्या एका दुकानदाराने एक फोटो टाकला. हिरवं तळं, तळ्यात लाल होडी. तेच कव्हर. रेकॉर्डीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर ही वेडी मंडळी एका गरीब म्हशीच्या दारात रांग लावतील.

लक्ष्मीपुरी

थंडीचे दिवस होते आणि गावाबाहेरून उसाच्या रसाचा, नुकत्या उतरलेल्या गुळाचा वास येत होता. पहिला तंटा मिसळीवर झाला. आमच्याकडे मिसळीबरोबर पाव असतो. इथे ब्रेडच्या स्लाइस आल्या. अरविंदने पाव मागितला तेव्हा वाढणाऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. “पाव कशाला पायजे पावणं? ह्यो ब्रेड काय वाईट हाय?” असं म्हणून त्याने आणखी दोन स्लाइस ठेवल्या. पहिल्या घासाला अरविंदच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग तो मुकाट्याने ब्रेड खाऊ लागला.

फोटो टाकणाऱ्या इस्माईलभाईंचं दुकान म्हणजे जुने रेडिओ, ग्रामोफोन, पितळी कर्णे आणि धूळ. त्यांनी कव्हर माझ्या हातात दिलं. ते इतकं हलकं लागलं की मला आधीच कळलं.

“यात रेकॉर्ड नाही,” मी म्हणाले.

“न्हायच की. मी पुठ्ठ्याचा फोटो टाकला, तुमी त्यो बगून आलासा. आत काय हाय, हे कुटं इचारलासा?”

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. चहा मागवून त्यांनी बाकीची हकिगत सांगितली. बसाप्पा नावाचा एक गवळी भजनाच्या प्लेटा, म्हणजे रेकॉर्डी, लावायला एक जुनी मशीन घेऊन गेला. ही प्लेट त्या मशीनवरच होती, तीही गेली. कव्हर मात्र तो विसरला नव्हता, त्याने मुद्दाम ठेवलं होतं. “म्हणला, पुठ्ठं गोठ्यात न्हिऊन काय करू? म्हस खाती,” इस्माईलभाई म्हणाले. “सांजंला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर असतोय त्यो. जावा, भेटा. आन् दूध प्या.”

अरविंदने तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला घेतल्या होत्या. ती करकर मला छान ऐकू येत होती, त्यामुळे गर्दीत तो हरवायची भीती उरली नाही.

गंगावेस

नाशिकला आमचं दूध पहाटे पिशवीतून येऊन दाराच्या कडीला लटकतं. म्हशीचा आणि त्याचा काही संबंध असेल असं वाटतही नाही. इथे भर रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, त्यांच्या अंगाला घासून रिक्षा जाताहेत, आणि लोक पेला घेऊन उभे. धार थेट भांड्यात, वर बोटभर फेस, आणि कोमट दूध उभ्या उभ्या पिऊन मिशा पुसत माणसं आपापल्या घरी जातात. संध्याकाळच्या त्या पिवळट उजेडात, धुरात आणि म्हशींच्या उसाशात मी जराशी हरवल्यासारखी झाले.

बसाप्पा गवळी धिप्पाड माणूस. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, डोक्याला मफलर, आणि आवाज असा की पार पंचगंगेच्या घाटापर्यंत ऐकू जावा. कोल्हापुरात बोलणं ऐकायला मला कानाच्या यंत्राची गरजच पडली नाही. हे अख्खं शहर माझ्यासाठी म्हणूनच बोलत असल्यासारखं बोलतं.

“प्लेट? ती इकायची न्हाय, ताई,” मी विचारायच्या आतच तो म्हणाला. “ती इकली तर तुंगा आटंल.”

तुंगा ही त्याची सगळ्यांत लाडकी म्हैस. तिचं रेडकू मागच्या पावसाळ्यात मेलं. तेव्हापासून ती पान्हा सोडेना. पेंड झाली, सरकी झाली, अंगारा झाला, गुरांचे डॉक्टर झाले. एका संध्याकाळी भजन लावावं म्हणून त्याने मशीन गोठ्यात नेली, तर वर ही प्लेट. ती सुरू झाली, तुंगाने कान टवकारले आणि थोड्याच वेळात दूध सोडलं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला प्लेट.

“मला विकत नको,” मी म्हणाले, आणि ते म्हणताना माझं मलाच नवल वाटलं, कारण नाशिकहून निघताना तसा विचार नव्हता. “मला फक्त एकदा ऐकायची आहे. माझे कान जाताहेत.”

बसाप्पाने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातलं भांडं खाली ठेवलं. “मग या की घरला. उद्या न्हाय, उद्या मी वडगावच्या बाजारला म्हस बगाय जाणार हाय. परवा दुपारच्याला या. नदीपल्याड, वडणग्याच्या वाटंला घर हाय. जेवायलाच या.”

पन्हाळा

मधला दिवस मोकळा होता म्हणून पन्हाळ्याला गेलो. सकाळी धुकं इतकं होतं की तटबंदी मध्येच सुरू व्हायची आणि मध्येच विरून जायची. खाली दरी होती की समुद्र, काही कळत नव्हतं. एक बाई दगडी तटाजवळ चूल मांडून झुणका-भाकरी विकत होती. तिथली भाकरी, दही आणि मिरचीचा खर्डा खाताना मला वाटलं, आँटींच्या रेकॉर्डीतलं बेट असंच असणार, कुठेही न जोडलेलं.

अरविंदला माझं संगीत कळत नाही. तो त्याला ‘तुझं ते पोंपों’ म्हणतो. पण त्या दिवशी तो माझ्यापुढे दोन पावलं चालत होता आणि मध्येच थांबून बोट वर करत होता. “हा बघ. आता बोलला. हा दुसरा.” मी मान हलवत होते. मला धुकं ऐकू येत होतं, चपला ऐकू येत होत्या, लांबवर एक एसटी घाट चढताना ऐकू येत होती. पक्षी एकही नाही. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने माझा चेहरा पाहिला आणि मग बोट वर करायचं थांबवलं.  मला उद्याच्या दुपारची भीती वाटायला लागली होती.

नदीपलीकडे

बसाप्पाचं घर उसाच्या फडांच्या कडेला आहे. पुढे सोपा, म्हणजे ओसरी, मागे गोठा. दारातच अरविंदचा नवी चप्पल घातलेला पाय शेणात गेला. “शुभ झालं, लक्षुमी पायाला लागली,” बसाप्पाची बायको गौराक्का म्हणाली आणि तिने स्वतः पाणी ओतून त्याचा पाय धुतला. अरविंद लाजून लाल झाला.

इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते गमतीचं वाटलं. गौराक्काच्या तोंडी ऐकल्यावर मात्र त्यात एक ऐट आहे हे पटलं. “मी सैपाक करतो, जेवून घ्या, मग प्लेट वाजवा,” ती म्हणाली. सगळ्यांनी मला कोल्हापुरात मटण खा म्हणून बजावलं होतं. या घरात मटण शिजत नाही. गरम भाकरी, वांगं, दह्यात कालवलेला शेंगदाण्याचा कूट, आणि लोणी असं की नाशिकला परत गेल्यावर काय खायचं असा प्रश्न पडावा.

मी बरोबर माझा पेटीएवढा बॅटरीवरचा प्लेअर नेला होता. रेकॉर्डीवर शेणाचे वाळलेले शिंतोडे होते. मी ती ओल्या कापडाने पुसली, मखमली ब्रश फिरवला. गौराक्का हात पुसत येऊन बसली. बसाप्पा खांबाला टेकला. मी सुई शेवटच्या गाण्याच्या आधीच्या रेघेवर ठेवली.

बोंगो सुरू झाला तसा बसाप्पा पुढे वाकला. “ही आमची न्हवं.”

“तुमचीच आहे,” मी म्हणाले. “तुम्हीच दिलीत आत्ता.”

“आवो न्हाय. ही लई पळतीया. आमची प्लेट अशी न्हाय पळत.”

मी त्याला हाताने गप्प केलं, कारण पुढची जागा येत होती. बोंगो ऐकू येत होता, जाड तारांचा आवाज ऐकू येत होता. व्हायब्राफोन बराचसा येत होता. मग सगळी वाद्यं खाली बसली, अगदी माझ्या आठवणीतल्यासारखी. आणि काही नाही. नुसती खरखर. मी श्वास धरून बसले. तेवढ्यात गौराक्काने मान वर केली आणि आढ्याकडे पाहिलं, पाखरू आत शिरलं की काय म्हणून. त्यावरून मला कळलं की पक्षी बोलून गेला.

मी सुई पुन्हा ठेवली. कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला, ते काढून पाहिलं, कान प्लेअरला लावला. अरविंद म्हणाला, “मी सांगतो तुला कसा आहे तो. शिट्टीसारखा... शिट्टी नाही म्हणा...” आणि तिथेच अडला. बिचाऱ्याने पुष्कळ प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती खरखर ऐकल्यावर मला रडू आलं. परक्याच्या सोप्यात, ओळख ना पाळख, मी पदर तोंडाला लावून रडले. एवढ्या वर्षांचा शोध आणि मला यायला उशीर झाला होता.

 गौराक्काने तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले, प्लेअर बंद केला आणि निघते म्हणाले.

“कुटं निघालासा?” गौराक्का म्हणाली. “धार काढायची येळ झाली. दूध न पिता पावणं या घरातनं जात न्हाईत. बसा गुमान.”

तिचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही मागे गोठ्यात गेलो. ऊन उतरलं होतं. डास पळवायला गोवऱ्यांचा धूर केला होता आणि शेजारच्या गुऱ्हाळावरून गुळाचा वास येऊन त्यात मिसळत होता. तुंगा कोपऱ्यात उभी होती, चकचकीत काळी, शिंगं मागे वळलेली, आणि डोळे कुठेतरी दुसरीकडेच लागलेले. भिंतीतल्या कोनाड्यात प्लास्टिकच्या कागदाखाली ती मशीन होती. माझ्या तरुणपणची, चार गतींची. गतीची कळ सोळाच्या, म्हणजे मिनिटाला सोळा फेऱ्यांच्या, आकड्यावर गंजून घट्ट बसली होती. ही गती पूर्वी भाषणांच्या रेकॉर्डींसाठी असायची, गाण्यांना कुणी वापरत नसे.

“म्हणून!” अरविंद म्हणाला. त्याला यंत्र नीट करायची हौस फार. “तेहतीसची रेकॉर्ड सोळावर चालते आहे. थोडं तेल द्या, आत्ता सोडवून देतो.”

“हात लावू नगा, पावणं,” बसाप्पा म्हणाला. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. अरविंदने हात मागे घेतला.

बसाप्पाने तबकडी ठेवली, सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली आणि बादली घेऊन उकिडवा बसला. बोंगो आला, पण तो बोंगो राहिलाच नव्हता. कुणीतरी जड पायांनी पाण्यातून चालत येत होतं. व्हायब्राफोनचा एकेक सूर उमटून, पसरून, बराच वेळ हवेत राहून मग विरत होता. तुंगाचे कान हळूच पुढे वळले. तिने एक लांब श्वास सोडला आणि बादलीच्या तळावर पहिली धार वाजली.

“तिला तिचं रेडकू ऐकू येतंय, असं हे म्हणत्यात,” गौराक्का माझ्या कानाशी म्हणाली. “मला तर निस्ता गोंगाट वाटतोय. पर दूध देती, मग मी कशाला बोलतो.”

वाद्यं खाली बसली. धारेचा आवाज तेवढा उरला. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होते, पुन्हा तीच खरखर ऐकायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात गोठ्यात कुठेतरी एक पाखरू बोललं. जाडसर, झोपेतून उठल्यासारखं. तीन सूर वर, एक खाली, आणि मग थांबून कुणी ओ देतंय का याची वाट पाहिल्यासारखं. मी मान वर करून आढ्याकडे पाहिलं.

तिथे काही नव्हतं. धूर होता आणि कौलांतून आलेला उजेड होता. मी खाली पाहिलं तर अरविंद माझ्याकडेच बघत होता, डोळे भरून.

“आला?” त्याने विचारलं.

मी मान हलवली.  अर्ध्या गतीने फिरलं की प्रत्येक सूर एक सप्तक खाली उतरतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कोण आपल्या लाडक्या रेकॉर्डीवर असला अत्याचार करील? पक्ष्याला त्या उंचीवरून माझ्यापर्यंत पोचता येत नव्हतं, तर तो तुंगाच्या गोठ्यात एक पायरी उतरून माझ्याकडे आला होता. तो पुन्हा बोलला, तिसऱ्यांदा बोलला, आणि गाणं संपेपर्यंत बादली भरत आली. त्या दिवशीचं दूध मी फेसासकट प्यायले. आयुष्यात इतकं चांगलं काही प्यायल्याचं मला आठवत नाही.

रेकॉर्ड मी मागितली नाही. इस्माईलभाईंकडून आणलेलं कव्हर मात्र गौराक्काला दिलं. ते तिने गोठ्याच्या भिंतीवर खिळा मारून लावलं, तुंगाचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच.

नाशिक

आता परत येऊन बरेच दिवस झाले. भाच्याने कॉम्प्युटरवर माझ्या काही रेकॉर्डी अर्ध्या गतीने करून दिल्या आहेत. झांजा परत आल्या. गाणारे पुरुष मात्र रेड्यासारखे हंबरतात, त्यामुळे अरविंद खोलीबाहेर जातो. आँटींची रेकॉर्ड भाच्याला इंटरनेटवर कुठे सापडली नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्याला फार शोधू दिलं नाही.

कारण संध्याकाळी, आठवड्यातून एखाद्या वेळी, माझा फोन वाजतो. पहिल्यांदा बसाप्पा म्हणाला होता, “ताई, लावली बगा,” आणि फोन त्याने बहुधा मशीनशेजारी कोनाड्यात ठेवून दिला. आता तो तेवढंही बोलत नाही. कुणीतरी जड पायांनी पाण्यातून चालत येतं. बादलीत धार वाजू लागते. तुंगा सुस्कारा सोडते. एक्स्चेंजमध्ये असताना दुसऱ्यांची बोलणी चोरून ऐकायला आम्हाला सक्त मनाई होती, जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. आता मला कुणी बाजूला हो म्हणत नाही. मी फोन कानाशी घट्ट धरून बसते, आणि वाद्यं खाली बसली की अरविंदला हाताने खूण करते, म्हणजे तो स्वयंपाकघरातली भांडी वाजवायची थांबवतो.